मॉरिसव्हिलचे बाकडे

2023 साली पेसाहसाठी आम्ही दोघे लेकीकडे मॉरिसव्हिलला गेलो होतो. हे गाव अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात, राली आणि डरहॅम या शहरांच्या मधोमध आहे. विमानतळ इतका जवळ की अंगणात बसले की डोक्यावरून विमाने जातात. 1852 मध्ये जेरेमाया मॉरिस नावाच्या माणसाने आगगाडीच्या स्टेशनसाठी जमीन दिली, म्हणून हे नाव. आता तिथे कॉम्प्युटरवाल्यांची वस्ती. वाणसामानाच्या दुकानात जाड पोहे, आमसुले, सगळे मिळते, आणि मागे उभी असलेली बाई मराठीत विचारते, "तुम्ही कुठल्या?" मी सांगितले, "मूळच्या अलिबागकडच्या, आता दिमोनाच्या." तिला दिमोना काही कळले नाही, पण अलिबाग कळले.

आम्ही वाळवंटात राहणारी माणसे. तिथली ती पाइनची उंच झाडे बघून मान दुखायची. मार्चच्या शेवटी त्यांचा पिवळा पराग इतका पडतो की गाडीवर बोटाने नाव लिहावे. आणि माती तांबडी! थेट आपल्या कोकणासारखी. पाऊस पडला की चपलांना लाल चिखल. ह्यांना फार आवडली ती माती.

चर्च स्ट्रीट पार्कला क्रिकेटचे चांगले मैदान आहे. शनिवार-रविवारी आपली मुले पांढरे कपडे घालून खेळत. हे रोज चालत जायचे आणि तिथल्या एका बाकड्यावर बसायचे. पहिल्या आठवड्यात एका दमात जायचे, मग वाटेत दोनदा थांबायला लागले. मी म्हटले, "अहो, वय झालं आता." ह्यांचे वय तेव्हा 78. चाळीस वर्षे नर्सिंग केलेल्या बाईने असे म्हणावे, याची मला आजही लाज वाटते.

पेसाह संपल्यावर एके दिवशी बाकड्यावर उन्हात ह्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. कागदासारखी पांढरी. लेकीने दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन 8.1. या वयाच्या पुरुषाचे लोह कमी झाले की आधी पोटात कुठे रक्त जाते आहे का ते शोधायचे, हे मी शिकाऊ मुलींना स्वतः शिकवलेले. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असली तर डोळ्यांना रक्त दिसतही नाही, हळूहळू झिरपत जाते.

रात्री ह्यांनी कबूल केले. दोन महिने पोटात दुखत होते. "तू घाबरशील म्हणून बोललो नाही." आणि कुपत होलिमकडून शौचाच्या तपासणीचे पाकीट दर वर्षी घरी यायचे ते? आपल्याकडे ते 50 ते 74 वयापर्यंत देतात. माझे मी पाठवायची. ह्यांची चार पाकिटे नंतर कपाटाच्या खणात सापडली, उघडलेलीसुद्धा नाहीत. वाचकहो, तुमच्या घरचेही खण एकदा बघा.

प्रवासाच्या विम्याच्या माणसाने फोनवर पहिला प्रश्न केला, "त्रास कधीपासून?" ह्यांनी खरे सांगितले. पुढचे सांगत नाही. पैसे लेकीने आणि जावयाने भरले.

मंगळवारी दुर्बिणीची तपासणी झाली. आदल्या रात्रीचे ते पोट साफ करायचे औषध ह्यांनी नाक मुरडत प्यायले आणि मला शिव्या घातल्या, जसे काही मीच बनवले. डॉक्टरांनी एक गाठ दाखवली, तुकडा काढून पाठवला. माझ्या हातातून असे कितीतरी तुकडे बाटलीत गेले असतील. त्या दिवशी बाटलीकडे बघवेना.

अमेरिकेत 2021 पासून असा नियम आहे की रिपोर्ट तयार झाला की रोग्याला तो ताबडतोब फोनवर दिसायला हवा, डॉक्टरांनी पाहण्याआधी आला तरी. आमचा शुक्रवारी संध्याकाळी आला. मेणबत्त्या लावायला अर्धा तास होता. लेकीच्या फोनवर नुसती सूचना आली. डॉक्टर आता सोमवारीच भेटणार. मी फोन हातात घेतला. हे म्हणाले, "अगं, राहू दे. शब्बाथ आहे. उद्या रात्री वाच."

ते पंचवीस तास मी कसे काढले ते एलियाहू हन्नाबीला ठाऊक. हे मात्र छान झोपले. शनिवारी दुपारी नातवाबरोबर बाकड्यावर जाऊन आले, तीनदा थांबून. सामना बघितला, कोण हरले ते मला सांगितले. मला काही ऐकू आले नाही.

हवदाला झाल्यावर मी चष्मा लावला. पहिल्या ओळीतच तो शब्द होता. "आहे का?" ह्यांनी विचारले. मी म्हटले, "आहे." ते म्हणाले, "मग घरी जाऊ."

शिरेतून लोह दिले, थोडी ताकद आली, आणि मे महिन्यात परतलो. जूनमध्ये बेरशेबाला ऑपरेशन झाले. आतड्याबरोबर काढलेल्या रसग्रंथी स्वच्छ निघाल्या, केमोची गरज पडली नाही. मलिदा केला तो मॉरिसव्हिलहून आणलेल्या पोह्यांचा.

जुलैत त्याच मैदानावर मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. आपल्याकडे तेव्हा रात्र. हे पोटाला उशी धरून टीव्हीसमोर जागत बसले, आणि चेंडू सीमेकडे गेला की मला हाक मारायचे, "अगं, ये लवकर, आपलं बाकडं दिसतंय का बघ!" गर्दीत ते काही दिसले नाही.