परीक्षकाचे गाव

नाटक पाहून घरी आलेल्या माणसास ‘कसे काय झाले?’ असे विचारावे, तर त्याच्या उत्तरात नाटक निम्मे असते. उरलेला निम्मा भाग त्याचा स्वतःचा असतो. तो कोठे वाढला, त्याने काय सोसले, कोणत्या शब्दाला त्याचे कान टवकारतात, हे सारे त्या उत्तरात नकळत उतरते. परीक्षणाविषयी बोलताना आपण ‘निःपक्षपाती’ हा शब्द पुष्कळदा वापरतो. परीक्षकाने लबाडी करू नये, एवढाच त्याचा अर्थ असेल तर माझी हरकत नाही. परंतु परीक्षकाला गावच नसावे असा अर्थ असेल, तर मात्र ते होणे नाही.

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले आणि ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा आले. मराठी घरातली मुले ही हकीकत ऐकतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे घोडदौड उभी राहते, बादशहाला बसलेला हादरा दिसतो आणि स्वराज्याच्या खजिन्यात पडलेली भर दिसते. आमच्या शेजारच्या गुजराती आजी तीच हकीकत सांगत, तेव्हा तीत लावून घेतलेली दारे, घाईघाईने पुरलेले दागिने आणि जळालेली घरे असत. प्रसंग एकच, सांगणाऱ्याचे घर मात्र वेगळे. तीन पिढ्या या शहरात काढल्यामुळे आमच्या माजघरात या दोन्ही हकीकती शेजारी शेजारी नांदल्या, आणि एकीने दुसरीला खोटे ठरवले नाही.

हे सारे आठवण्याचे कारण जरा अनपेक्षित आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘फॉलआउट’ नावाची एक मालिका ॲमेझॉनवर आली आणि ज्या व्हिडिओ गेमवरून ती निघाली, ते जुने खेळ तरुण मुलांनी पुन्हा बाहेर काढले. माझा भाचा त्यांतलाच एक. पंचविशीतला, संगणकावर पोट भरणारा आणि संगणकावरच विसावा घेणारा. रात्रीची जेवणे आटोपली की मी त्याच्या खोलीत विणकाम घेऊन बसू लागले आणि त्याच्या पडद्यावरील उजाड जग पाहू लागले. ‘आत्या, तुला हे आवडणार नाही,’ असे तो पहिल्या दिवशी म्हणाला. चौथ्या दिवशी तोच मला बोलवायला आला.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. अणुस्फोटानंतर जी किरणोत्सारी धूळ खाली बसते तिला ‘फॉलआउट’ म्हणतात. या मालिकेतला पहिला खेळ १९९७ साली अमेरिकेत निघाला. भाचा खेळत होता तो तिसरा, बेथेस्डा या संस्थेने २८ ऑक्टोबर २००८ रोजी बाजारात आणलेला. त्याची कथा अशी : २०७७ साली जगाने अणुयुद्ध करून घेतले, आणि त्याला दोनशे वर्षे उलटल्यावर, २२७७ साली, जमिनीखालच्या एका तळघरवजा वसाहतीत वाढलेले मूल आपल्या निघून गेलेल्या वडिलांच्या शोधात बाहेर पडते. बाहेर वॉशिंग्टन शहराचे अवशेष आहेत. या मुलाची भूमिका खेळणाऱ्याने घ्यायची. कोणत्या दिशेने जायचे, कोणाला मदत करायची, कोणाला लुबाडायचे, हे सर्व त्याच्या मर्जीवर. एका गावाच्या मधोमध न फुटलेला अणुबाँब पडलेला आहे. तो निकामी करून गाव वाचवावे की फोडून गाव नष्ट करावे, हेही त्यानेच ठरवायचे. केलेल्या बऱ्यावाईटाचा हिशेब खेळ ठेवतो, आणि त्या हिशेबाला नाव दिले आहे ‘कर्म’!

अमेरिका व युरोपातील परीक्षकांनी या खेळाला डोक्यावर घेतले. निरनिराळ्या परीक्षणांतील गुणांची सरासरी काढणारे ‘मेटाक्रिटिक’ नावाचे एक कोष्टक आहे. तेथे त्याला शंभरांपैकी नव्वदांच्या वर गुण पडले. खेळ घडवणाऱ्यांच्याच मेळाव्यात २००९ साली त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा आणि उत्तम लेखनाचाही मान मिळाला. स्तुती झाली ती त्या विस्तीर्ण ओसाड प्रदेशाची, त्यात भटकण्याच्या स्वातंत्र्याची, आणि भग्न शहरावर रेडिओतून तरंगणाऱ्या १९४० च्या सुमाराच्या गाण्यांची. दोषही दाखवले गेले. पात्रांचे चालणे-बोलणे लाकडी, मधूनमधून खेळ अडकतो, आणि जुन्या दोन खेळांच्या चाहत्यांना यात पूर्वीची खोली आढळली नाही.

सर्वांत मोठी तक्रार शेवटाबद्दल होती. शेवटी एका किरणोत्साराने भरलेल्या कोठडीत शिरून कोणीतरी प्राण द्यावयाचा असतो. ज्याला किरणोत्सार बाधत नाही असा एक साथीदार नायकाबरोबर असू शकतो. पण तो ‘हे तुझे विधिलिखित आहे’ अशा थाटात नकार देतो. हे कोणालाच पटले नाही. मे २००९ मध्ये निघालेल्या पुरवणीत कर्त्यांनी तो शेवट बदलला. साथीदार आत जाऊ लागला आणि नायक जगू लागला. टीकेचा कान धरून कलाकृती सुधारल्याचे असे उदाहरण नाटक-कादंबरीच्या जगातही क्वचितच सापडेल.

परंतु मला कुतूहल वाटले ते अमेरिकेबाहेरच्या स्वागताचे. ऑस्ट्रेलियात जुलै २००८ मध्ये तेथील वर्गीकरण मंडळाने खेळाला परवानगीच नाकारली. आक्षेप रक्तपाताला नव्हता; वेदना विसरण्यासाठी नायक मॉर्फिन टोचून घेतो, आणि मॉर्फिन हे खरोखरीचे औषध आहे, याला होता. कर्त्यांनी औषधाचे नाव बदलून ‘मेड-एक्स’ केले आणि परवानगी मिळाली. जपानमध्ये गोष्ट निराळी. तेथील आवृत्तीत बाँब फोडून गाव नष्ट करण्याची वाटच बंद करण्यात आली. खेळातील एका अस्त्राचे नाव ‘फॅट मॅन’ होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकलेल्या बाँबचे तेच नाव. ते बदलले गेले. अमेरिकन मुलाला जी गंमत वाटली, ती नागासाकीच्या नातवंडांसमोर तशीच ठेवणे त्यांना योग्य वाटले नाही. यात मला काही वावगे दिसत नाही.

आणि भारतात? ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, येथील सांस्कृतिक भावना लक्षात घेऊन आपल्या एक्सबॉक्स यंत्रासाठीचा हा खेळ भारतात आणला जाणार नाही. कोणती भावना, कशाने दुखावणार, याचा खुलासा झाला नाही. लोकांनी तर्क केला तो असा, की या उजाड जगात किरणोत्साराने दोन डोकी फुटलेल्या गायी आहेत. माणसे त्यांचे दूध पितात, त्यांच्या पाठीवर ओझी लादतात, त्यांचे मांसही खातात; आणि या गायींना नाव आहे ‘ब्राह्मण’! पहिल्या, १९९७ च्या खेळापासून हे नाव चालत आले होते. भाच्याने हे सांगितले तेव्हा मला प्रथम हसू आले. आपल्याकडून नेलेल्या दोन शब्दांपैकी ‘कर्म’ निमूटपणे खपले आणि ‘ब्राह्मण’ अडला!

हसू ओसरल्यावर मात्र ‘घाशीराम कोतवाल’ आठवले. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात तेंडुलकरांचे ते नाटक रंगमंचावर आले आणि ब्राह्मणांची व नाना फडणविसांची बदनामी होते म्हणून गदारोळ उठला. ज्या संस्थेने ते बसवले, तिनेच थोड्या प्रयोगांनंतर ते थांबवले. मग कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभे केले, आणि १९८० साली ते युरोपात जाण्यावरूनही पुन्हा वाद झाला. आमच्या घरात त्यावरून वडील आणि काका यांचा आठवडाभर अबोला होता. पण त्या भांडणाची प्रतिष्ठा पाहा : वडिलांनी ते नाटक पाहिले होते, काकांनीही पाहिले होते. निंदा करणाऱ्याला पदरचे तिकीट काढावे लागले होते. २००८ साली आपल्या भावनांची काळजी आपल्याला न विचारता घेतली गेली. रागावण्याचा अधिकार गेला आणि आवडण्याचाही गेला. वस्तू दुकानातच आली नाही, तर तिच्यावर चार लोकांत वाद व्हायचा कसा? जपानी माणसाला ती बदललेल्या रूपात का होईना, पाहता आली. पुढे २०१५ साली आलेल्या चौथ्या खेळातही ती दोन डोक्यांची गाय त्याच नावाने आहे. तो भाच्याने येथेच विकत घेतला, आणि कोणाचे काही बिघडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता माझे स्वतःचे परीक्षण. त्यालाही गाव आहे, आणि ते सुरत आहे.

भाच्याचा नायक कोसळलेल्या दुकानात शिरला. फळीवर डबे, जमिनीवर कागद, कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या बसल्या मेलेल्याचा सांगाडा. मी विचारले, ‘युद्ध होऊन किती वर्षे झाली म्हणालास?’ ‘दोनशे.’ ‘आणि दोनशे वर्षांत एकानेही झाडू उचलला नाही?’

तो हसला. म्हणाला, ‘आत्या, ही तक्रार इतरांनीही केली आहे. पण सगळे झाडून ठेवले तर खेळणाऱ्याने शोधायचे काय?’ उत्तर चोख होते. पण मला ते पुरले नाही, आणि का पुरले नाही हे सांगताना मी त्याला सप्टेंबर १९९४ सांगितले. त्याचा जन्म त्यानंतरचा; घरात हा विषय कोणी काढत नसे.

त्या पावसाळ्यात पुराचे पाणी ओसरले आणि चिखल व मेलेली जनावरे मागे राहिली. वेड रोडकडून प्लेगची बातमी आली. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांना खानदेशातले मागवाले लोंबकळत होते. माग थांबले, हिऱ्यांच्या घंट्या थांबल्या. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्यामुळे आम्ही गेलो नाही. तोंडाला रुमाल बांधून मी दूध आणायला निघे, तेव्हा भर दुपारी रस्त्यावर स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येई. परीक्षकांनी ज्या ओसाडीची भव्यता वाखाणली, ती भव्यता मला तेव्हा दिसली नव्हती; कोणाच्या घरातून भांडे पडल्याचा आवाज यावा, एवढीच इच्छा होती.

मृत्यू पन्नाशीच्या आसपास झाले. भीतीने त्याच्या हजारपट माणसे हलवली. आणि मग ती परत आली. १९९५ मध्ये एस. आर. राव पालिकेचे आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना त्यांनी कचेरीतून गल्लीत उतरवले, रात्री रस्ते झाडले जाऊ लागले, घाण करणाऱ्याला दंड होऊ लागला. १९९६ च्या इन्टॅकच्या पाहणीत स्वच्छतेत चंदीगडच्या खालोखाल सुरतेचे नाव आले. दोनशे वर्षे नव्हेत, दोन वर्षेसुद्धा पुरती लागली नाहीत. झाडू हातात धरणारी माणसे होती, त्यांची नावे कोणत्याही पाहणीत नाहीत.

मात्र खेळाच्या पदरात त्याचे पुण्यही घातले पाहिजे. त्याच्या कथेचा कणा म्हणजे पिण्याचे पाणी. नायकाच्या वडिलांचे सारे आयुष्य नदीचे दूषित पाणी शुद्ध करणारे यंत्र उभारण्यात गेलेले असते, आणि तो अखेरचा त्याग त्या यंत्रासाठीच असतो. गावांच्या वेशीबाहेर भिकारी बसलेले असतात. ते पैसे मागत नाहीत, स्वच्छ पाणी मागतात. दिले तर कर्म वाढते. भाच्याने मला वाचून दाखवलेल्या परीक्षणांत शस्त्रांवर परिच्छेदच्या परिच्छेद होते. या भिकाऱ्यांवर एक ओळ नव्हती. तुंबलेल्या गटारांच्या शहरात राहिलेल्या बाईने परीक्षण लिहिले असते तर तिने तेथूनच आरंभ केला असता.

गुणांच्या कोष्टकाचा भाच्याला फार भरवसा. त्याच कोष्टकाची दुसरी कथाही त्यानेच मला सांगितली. २०१० साली ऑब्सिडियन या संस्थेने याच मालिकेत ‘न्यू व्हेगस’ हा खेळ रचला. मेटाक्रिटिकवर सरासरी ८५ आली तर जादा मोबदला, असा करार असल्याचे कर्त्यांपैकी ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये सांगितले. सरासरी आली ८४! आज जाणकार चाहत्यांपैकी पुष्कळजण त्या खेळाला साऱ्या मालिकेत वरचे स्थान देतात. पण तो एक गुण काही परत येत नाही.

आकड्याला गाव नसते, हाच त्याचा उणेपणा. भावना दुखावतील म्हणून आधीच दार लावणाऱ्यालाही गाव नसते. तो दुसऱ्याच्या गावाच्या नावाने बोलतो. ज्याने पाहिले आहे आणि जो आपण कोठून पाहतो हे सांगतो, त्याच्याशी भांडता येते, आणि भांडता भांडता त्याचे गावही कळते. भाचा अजून म्हणतो की माझा आक्षेप खेळाच्या नियमांना धरून नाही. असेल. परंतु परवा वेड रोडवरून येताना त्याने गाडी हळू केली आणि विचारले, ‘आत्या, तेव्हा इथे काय होते?’ मी त्याला दाखवत गेले.