आत्याचे ग्रीनिच

परदेशात बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसाकडे देशातून पाहुणा यायचा ठरला की पहिली तयारी होते ती यादीची. २०२३ सालच्या जुलैत माझी आत्या सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे हॅरोला आली, तेव्हा मीही टॉवर, राजवाडा, मेणाचे पुतळे, विंडसर असा भरगच्च कार्यक्रम वारांनिशी लिहून स्वयंपाकघरात टांगून ठेवला होता. आमचे हे त्याला ‘रेल्वेचे टाइमटेबल’ म्हणत.

आत्या साताऱ्याची. वय चौऱ्याहत्तर. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेली. आई गेल्यावर मी तिच्याच घरी वाढले, आणि माझ्या कॉलेजची फी तिच्याच पगारातून गेली. “तुला लंडन दाखवीन” असे मी तिला माझ्या लग्नात म्हटले होते. ते घडायला सोळा वर्षे लागली. तेव्हा माझ्या त्या यादीत नुसता उत्साह नव्हता, परतफेडीची घाईही होती, हे कबूल केलेले बरे.

पहिले तीन आठवडे यादीप्रमाणे पार पडले. टॉवरमध्ये राजमुकुटांपुढून सरकता पट्टा आहे. त्यावर उभे राहायचे आणि पाहता पाहता पुढे जायचे. कोहिनूर असा क्षणभरच दिसतो. आत्या पट्टा संपला की मागे जाऊन पुन्हा उभी राही. असे तीनदा केले आणि म्हणाली, “मला वाटलं होतं, मोठा असेल.” वरकड सगळीकडे तिचा एकच शेरा, “छान आहे हो.” तिकिटाचे पौंड मनातल्या मनात शंभराने गुणून ती गप्प होई ते वेगळेच.

पण मला खरी टोचणी होती ती मुलांची. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठांची. दोघांना मराठी कळते, पण उत्तर इंग्रजीतून येते. आत्याने बरोबर मेतकूट आणले होते, भाजणी आणली होती, आणि सांगण्यासारख्या गोष्टीही पुष्कळ आणल्या होत्या. मुले दोन वाक्ये ऐकत, हसत आणि आपापल्या खोलीत जात. चौथ्या आठवड्यात आत्या गोष्टी सांगेनाशी झाली. तिने तक्रार केली असती तर बरे झाले असते.

एका रात्री भांडी पुसता पुसता तिने विचारले, “ग्रीनिच इथून लांब आहे का गं?”

ते माझ्या यादीत नव्हतेच! जिने एकतीस वर्षे फळ्यावर ती रेघ काढली, तिला मी मेणाचे पुतळे दाखवीत होते.

दुसऱ्याच दिवशी दशम्या आणि लसणीची चटणी बांधून आम्ही निघालो. बँक स्टेशनावर डॉकलंड्सची गाडी धरली. हिला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे अगदी पुढच्या बाकावर बसून रूळ पाहता येतात. मुलांनी ती जागा पटकावली आणि धाकटीने आत्याआजीला आपल्या शेजारी ओढून घेतले. गाडी थेम्सखालून जाऊन कटी सार्क स्टेशनात येते. १८६९ साली बांधलेले, चीनहून चहा आणणारे ते शिडाचे जहाज जवळच उभे आहे. आत्याने त्याच्याकडे नुसते पाहिले. तिचे लक्ष टेकडीकडे होते.

टेकडी चढायला उभी आहे. आत्या तीनदा टेकली, चौथ्यांदा छत्रीवर भार देऊन वर आली. वेधशाळा १६७५ सालची, दुसऱ्या चार्ल्सने स्थापन केलेली. फाटकाशी भिंतीत चोवीस तासांची तबकडी असलेले घड्याळ आहे, १८५२ सालचे. ते उन्हाळ्यातही ग्रीनिचचीच वेळ दाखवते, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्या मनगटांपेक्षा एक तास मागे. थोरला म्हणाला, घड्याळ चुकीचे आहे. आत्याने आपले मनगटी घड्याळ काढले. ते तिने आल्यापासून बदललेच नव्हते; साताऱ्याच्या वेळेवर होते, पाच वाजून दहा मिनिटे. तिने ते उलटे धरले, बारा खाली, सहा वर. “आता आकडे विसरा. नुसते काटे पाहा. किती वाजले?”

अकरा चाळीस! भिंतीवरही तेच. मुले आ वासून पाहू लागली. साडेपाच तासांचा फरक असला की घड्याळ उलटे केल्याने हिशेब जमतो. मिर्झापूरजवळून जाणारा साडेब्याऐंशी पूर्व रेखांश, तासाला पंधरा अंश, असा भागाकार धाकटीने तिथेच बोटांवर केला. आत्या मराठीत विचारत होती आणि उत्तरे कधी इंग्रजीत, कधी मराठीत येत होती. कोणाच्या ते ध्यानातही नव्हते.

आत अंगणात ती रेघ आहे, जमिनीत बसवलेली धातूची पट्टी. १८८४ साली वॉशिंग्टनला जगातल्या पंचवीस देशांच्या प्रतिनिधींनी हिला शून्य रेखांश ठरवले. लोक दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून फोटो काढतात. आत्या वाकली, रेघेवरून बोट फिरवले आणि बोटाकडे पाहिले. खडू लागला की काय, हे पाहायची सवय असावी.

तेवढ्यात थोरल्याने फोन पुढे केला. “आत्याआजी, इथे झीरो नाही. पाच सेकंद पश्चिम!”

माझ्या पोटात गोळा आला. कार्टे आत्ताच बोलायला हवे होते? आत्याने चष्मा सारखा केला, आकडा वाचला. “मला हे माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मग झीरो कुठे आहे? चल, शोधू.”

आणि जिला चढण झेपत नव्हती ती आत्या थोरल्यामागे बागेत चालू लागली. तो फोनवरचे आकडे ओरडून सांगत पुढे, ही छत्री टेकत मागे. जवळजवळ शंभर मीटर पूर्वेला शून्य आले. तिथे पाटी नाही, पट्टी नाही, गर्दी नाही. आत्याने छत्रीच्या टोकाने गवतात रेघ ओढली, दोघे दोन बाजूंना उभे राहिले, आणि मग आम्ही सारे तिथेच दशम्या खायला बसलो.

ह्यांनी रात्री उलगडा केला. एकोणिसाव्या शतकात ती रेघ ठरली तेव्हा दुर्बिणीचे ओळंबे तिथल्या गुरुत्वाकर्षणावर लावले होते, आणि ते ग्रीनिचला किंचित कलते आहे. उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात. आत्याने ते वहीत उतरवून घेतले, आकृतीसह.

उरलेल्या दोन आठवड्यांचे टाइमटेबल मी भिंतीवरून काढले. कुठे जायचे ते मुले आणि आत्या नकाशा पसरून ठरवीत. त्यात विंडसर राहून गेले.

आत्या ऑगस्टअखेर परत गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इकडची घड्याळे तासाने मागे जातात. त्या दुपारी दोन वाजता थोरल्याने माझे घड्याळ मागून घेतले, उलटे धरले आणि फोन उचलला.

“आत्याआजी, तिकडे साडेसात ना? जेवलीस?”

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. तो फोन घेऊन आपल्या खोलीत गेला.