अंबाड्याचा रकाना

फ्रोझन शोल्डरच्या आजी. गोनिओमीटर लावला, हात वर ११० अंश. लिहून टाकलं. आजींनी विचारलं, "मॅडम, अंबाडा कधी घालता येईल?" केसपेपरवर त्याला रकानाच नाही. समासात लिहिलं.

*

एडवर्ड बोर्डिनने १९७९ मध्ये मानसोपचारात उपचार करणारा आणि रुग्ण यांच्या नात्याचे तीन धागे सांगितले: कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. दहा वर्षांनी हॉर्वाथ आणि ग्रीनबर्ग यांनी त्यावरून ३६ विधानांची प्रश्नावली केली, प्रत्येकाला १ ते ७ गुण. आम्ही फिजिओंनी तीच उसनी आणली. उसनं झंपर कुठेतरी काचणारच. मानसोपचारात रुग्णाला सहसा हात लावत नाहीत. आमचं निम्मं काम हातांचं. दुखऱ्या खांद्यावर हात ठेवताना समोरचा अंग चोरतो की सैल सोडतो, हे त्या ३६ मध्ये कुठे बसवायचं?

*

अल्बर्टा विद्यापीठातला प्रयोग, २०१४ मध्ये छापून आलेला. जुनाट कंबरदुखीचे ११७ जण. दुखण्यावर लावायचा विजेचा सौम्य करंट, आपल्याकडे ज्याला आयएफटी म्हणतात तोच. काहींना खरा, काहींना नुसतं मशीन लावलेलं. काहींशी थेरपिस्ट जुजबी बोलून निघून गेला, काहींजवळ अर्धा तास बसला, विचारपूस केली. दहापैकी दुखणं किती उतरलं? खरा करंट आणि जुजबी बोलणं: १.८३. खोटा करंट आणि सोबत: २.२२. खरा करंट आणि सोबतही: ३.१३.

एकाच सत्राचा हिशोब आहे, घरी गेल्यावर किती टिकलं ते यात नाही. तरी हे वाचलं त्या दिवसापासून मशीन लावून पडदा ओढताना हात अडखळतो. तीन पडदे, तीन मशीनं, मी एकटी. टायमर वाजला की पुढचा.

*

प्रश्नावलीचं मराठी करून एका काकांना दिलं. सगळीकडे ७. "तुम्ही लेकीसारख्या, तुम्हाला कमी कसे देणार?" घरचा व्यायाम मात्र एकदाही केलेला नाही.

गुण असे वरच्या टोकाला साचतात, ही तक्रार परदेशी संशोधकांचीही आहे. पण फॉर्म मीच दिला होता, पेनही माझंच, आणि मी समोर उभी. पुढच्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीला द्यायला सांगितला. एका विधानाला ३ पडले: व्यायाम कशासाठी हे नीट समजलं नाही. त्या तिनाचा मला जेवढा आनंद झाला तेवढा सातांचा झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचा मणका काढून काकांसमोर बसले. वीस मिनिटं गेली, बाहेर लोक खोळंबले.

*

अल्बर्टातल्याच संशोधकांनी नंतर फिजिओंच्या आणि रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. नातं जुळायला चार गोष्टी लागतात असं निघालं: मनाने तिथे असणं, ऐकून घेणं, खरेपणा, बांधिलकी. पहिलीतच मी दुपारी बारानंतर नापास. मोबाइल खिशात थरथरतो तेव्हा रुग्णाच्या खांद्यावरचा माझा हातही थांबतो. त्यांना कळत असणारच.

*

आजींचा हात आज १२८ अंश. अंबाडा नाही, पण वेणी घालून आल्या होत्या, चांगलीच वाकडी. पाठ फिरवून दाखवली. म्हणाल्या, "सुनेला हात लावू दिला नाही." समासातल्या नोंदीखाली तारीख टाकली.