उंबऱ्याइतकीच सोपी गाडी

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांसाठी माझ्या जीपला मी उंच सस्पेन्शन व मोठे टायर बसवले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईला तीत उचलून बसवावे लागे. हळूहळू ती म्हणू लागली, ‘मी घरीच थांबते.’ तेव्हा कलम ५२ला अनुसरून मूळचे भाग पुन्हा बसवले, हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० भरले आणि जीप विकली.

वाचकहो, नवी गाडी निवडताना ज्येष्ठांना सोबत न्या. आसन त्यांच्या कमरेच्या सुमारास असावे. आधी पाठमोरे टेकून मग दोन्ही पाय आत घेता यावेत. मागे घडीचा वॉकर मावावा.

त्या वाटा मला आजही आठवतात. परंतु आता ‘कधी निघायचे?’ असे आईच विचारते.