मातीपार

स्पॅनिशमधलं 'त्रासुमार' हे क्रियापद मराठी कानाला आधी त्रासच वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. हिवाळी कुरणातून उन्हाळी कुरणाकडे आणि ऋतू फिरला की उलट, शेकडो किलोमीटर कळपाबरोबर चालायचं, एवढं सगळं त्यात मावतं. मुळात लॅटिन: 'त्रान्स' म्हणजे पलीकडे, 'हुमुस' म्हणजे माती. त्या मातीचा 'ह' स्पॅनिशमध्ये लिहितात, उच्चारत नाहीत. माती आहे, पण मुकी.

रूपं चालवायला सोपी. खरी गोम कर्त्यात आहे. क्रियापद अकर्मक, आणि स्पॅनिश अकादमीचा कोश कर्ता म्हणून आधी गुरांचं नाव घेतो, मग त्यांना नेणाऱ्यांचं. इथे कुणी कुणाला हाकत नाही. मेंढरं 'त्रासुमान' आणि मेंढपाळही. व्याकरणाने जनावराला असा मान दिलेला मी क्वचितच पाहिला आहे.

उन्हाळा लागला, स्पेनच्या एक्स्त्रेमादुराचं गवत वाळलं की मेरिनो मेंढ्या लेओनच्या डोंगरांकडे तोंड करतात. त्यांच्या राजवाटा, 'कान्यादा', 90 वारा म्हणजे सुमारे 75 मीटर रुंद. 1273 मध्ये दहाव्या आल्फोन्सो राजाने ज्याला सनद दिली तो मेंढपाळांचा 'मेस्ता' संघ 1836 मध्ये संपला; वाटा कायद्याने आजही सार्वजनिक आहेत. त्या म्हणजे चालती रानंच आहेत. लोकरीत अडकलेलं बी मैलोन्‌मैल दूर जाऊन पडतं, लेंड्यांतलं कुठेतरी रुजतं, मागून शेणकिडे कामाला लागतात, वर गिधाडं घिरट्या घालतात. शरदात कळप दक्षिणेच्या ओकरानांत उतरतात, तेव्हाच उत्तर युरोपातून क्रौंच तिथे पोचतात, त्याच झाडांखालची फळं वेचायला. कोशाने पक्ष्यांना हे क्रियापद दिलेलं नाही. मी मनातल्या मनात देऊन टाकते.

आपल्याकडे फलटण, माणदेशातले धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भात कापलेल्या शेतांत मेंढरं बसवतात आणि पावसाआधी पुन्हा घाट चढतात. त्यांचा तळ म्हणजे 'वाडा'. घोडी, कुत्री, पोरं, कोकरं सगळी त्यात आली. वाडा हलतो तेव्हा कर्ता एकच असतो. स्पॅनिश कोशाने सांगितलेली गोष्ट माणदेशाला आधीच ठाऊक होती.

माद्रिदमध्ये 1994 पासून बहुतेक वर्षी शरदात एक कळप शहराच्या मधोमध नेतात, वाटेचा जुना हक्क बुजू नये म्हणून. 1418 च्या करारानुसार दर हजार मेंढ्यांमागे 50 माराव्हेदी पालिकेला मोजले जातात. ते नाणं चलनातून केव्हाच गेलं. मेंढ्या मात्र सिबेलेसच्या चौकातली रहदारी अडवून, डांबरावर लेंड्या टाकत पुढे जातात.