मजल आणि मुक्काम

मुंबई ते सावंतवाडी हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर. चाळिशीतला माणूस पहाटे गाडी काढतो आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचायचा हिशेब मांडतो. सत्तरीत हिशेब तोच राहिला, तरी वाट बदललेली असते. वडखळ, माणगाव, महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली ही तेव्हा नुसती गावांची नावे उरत नाहीत. कुठे उतरता येईल, कुठले स्वच्छतागृह बरे असेल, कुठे घटकाभर पाठ टेकता येईल, याची ती उजळणी होते.

याची कारणे शरीरात आहेत. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायांतले रक्त हृदयाकडे वर ढकलतात. बसून राहिले की हे काम मंदावते. चार तासांहून अधिक प्रवास न हलता बसून केला, तर शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून २००७ साली पुढे आले. निरोगी माणसात मुळातला धोका थोडा असतो, पण वय तो वाढवते. उतारवयात तहान उशिरा जाणवते. त्यात वाटेत सोय नसेल या धास्तीने अनेकजण, विशेषतः बायका, पाणीच कमी पितात. डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते, आणि रात्री समोरच्या गाडीचा झोत गेल्यावर रस्ता पुन्हा दिसायला वेळ लागतो. दुपारी दोन ते चारच्या सुमारास झापड येते, ती कोणत्याही वयात येते.

म्हणून दर दीड-दोन तासांनी उतरावे, पाच-दहा मिनिटे चालावे, घोट घोट पाणी पीत राहावे, अंधारापूर्वी पोचावे. जमल्यास चिपळुणात रात्र काढून दुसऱ्या दिवशी पुढे निघावे. ही पथ्ये काही कठीण नाहीत. कठीण जाते ते ‘थांबू या’ म्हणणे. गुडघे आखडलेले असतात, तरी मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘संगमेश्वर होऊ दे, मग बघू.’

या आवाजामागे ‘थांबला तो संपला’ ही म्हण असावी. तीन शब्दांच्या या म्हणीत कोण थांबला, कशासाठी, किती वेळ, याची चौकशी नाही. थांबणे आणि संपणे यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकीही जागा तिने ठेवलेली नाही. तरुणाला ती उठवते. म्हाताऱ्या माणसाला मात्र ती वेगळी ऐकू येते, कारण दुसरे क्रियापद आता त्याच्या जवळ आलेले असते. गाडी थांबवा म्हणणे म्हणजे त्या क्रियापदाला हाक मारणे, असे त्याला वाटत असेल तर त्याला हट्टी कसे म्हणावे?

याच भाषेत ‘मजल’ हा शब्दही आहे. मूळ अरबी ‘मंझिल’ म्हणजे वाहनावरून उतरण्याची, मुक्कामाची जागा. मराठीत मजल म्हणजे दिवसाची वाटचाल झाली, आणि ‘मजल दरमजल’ करीत लोक दूरदूर जाऊ लागले. पुढे ‘मजल मारणे’ आले आणि शब्दातली उतरण्याची जागा विसरली गेली. अंतर तेवढे राहिले.

वारीने ती जागा सांभाळली आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर आजही तीन आठवड्यांच्या आत-बाहेर चालले जाते. पुणे ते सासवड ही दिवेघाट चढून जाणारी वाटचाल साऱ्यांत दमवणारी. तिच्या अलीकडे पुण्यात आणि पलीकडे सासवडला सहसा दोन-दोन रात्रींचा मुक्काम असतो. रोजच्या चालीतही सकाळचा विसावा, दुपारचा नैवेद्य, पुन्हा विसावा असा क्रम असतो. सत्तरीची वारकरीण ज्या वाटेने पंढरपूर गाठते, ती वाट थांब्यांनीच बांधलेली असते. तिथे थांबलेला संपत नाही.

पण हा दाखला गाडीला लागू पडतो का, हे सांगणे अवघड आहे. वारीत विसाव्याच्या गावी भाकरी घेऊन कोणीतरी वाट पाहत असते. महामार्गाच्या कडेला उभ्या गाडीची वाट कोणी पाहत नाही. तिथले थांबणे एकट्याचे असते, आणि गाडीतून उतरणे व पुन्हा चढणे हाही दुखऱ्या गुडघ्यांना जाचच. शिवाय वारीत वाट हीच सेवा आहे. सावंतवाडीला निघालेल्याचे मन घराच्या ओटीवर आधीच पोचलेले असते. गणपतीचे दिवस मोजके. त्यातला एक चिपळूणच्या लॉजवर काढला, तर शरीराला आराम मिळतो आणि घरातला एक दिवस कमी होतो. ज्याच्यापाशी असे दिवस थोडे उरले आहेत, त्यालाच ते वाटेवर अधिक खर्चायला सांगितले जाते. देहाच्या बाजूने हा सल्ला बरोबर आहे. मागच्या सीटवरून ‘संगमेश्वर होऊ दे’ म्हणणारा मात्र बहुधा किलोमीटर मोजत नसतो. तो दिवस मोजत असतो, आणि त्या मोजणीत त्याची चूक काढता येत नाही.