अकरा मिलिमीटर

छत्रपती संभाजीनगरला गाड्यांचं वेड नवं नाही. 2010 मध्ये इथल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या. गुडइयरचा टायर कारखाना वाळूजला, तर स्कोडाचा शेंद्र्याला.

इथल्याच एका हौशी चालकाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस तशी दिसायला घरगुतीच, पण अंगात शर्यतीची खुमखुमी. टायर झिजलेत. पर्याय दोन: 225/45 आर17 किंवा 225/40 आर18.

रिम इंचभर मोठी झाली तरी चाकाची एकूण उंची जेमतेम 3 मिलिमीटरनं वाढते. कारण टायरची बाजूची भिंत 101 वरून 90 मिलिमीटरवर येते. भिंत आखूड असली की वळणावर स्टिअरिंगला चटकन दाद मिळते. पण खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते.

अठरा इंची चाक भरून दिसतं, हे तो नाकारत नाही. हौस कुठे संपते आणि गरज कुठे सुरू होते, हे त्याला हल्ली नीट सांगता येत नाही. रोजचा जालना रस्ता एकीकडे, रविवारचा दौलताबादचा घाट दुसरीकडे.

दुकानदार भाव सांगतो. तो मात्र टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचतोय: आधी उत्पादनाचा आठवडा, मग वर्ष.